तळलेली भेंडी दहा मिनिटांत का सादळते?

प्रश्न थोडक्यात असा: पाव किलो भेंडी उभी चिरली, मीठ-मसाला लावून थोडा वेळ ठेवली, मग बेसन आणि तांदळाच्या पिठात घोळवून तळली. कढईतून काढली तेव्हा कुरकुरीत होती, दहा मिनिटांत मऊ पडली. पुढच्या वेळी पीठ वाढवलं, त्याच्या पुढच्या वेळी कॉर्नफ्लोअर घातलं, मग गॅस मोठा करून पाहिला. रंग छान आणि लवकर येतो, पण थोड्या वेळाने पुन्हा तेच. शिवाय निम्मं पीठ सुटून तेलाच्या तळाशी जातं. तर नेमकं कोणतं पीठ घालावं आणि किती?

पिठाचं प्रमाण पुढे सांगतेच. पण तुमच्या लिहिण्यातल्या दोन गोष्टींवर माझी नजर आधी गेली. भेंडी मीठ लावून ठेवली होती ही एक, आणि गॅस मोठा केल्यावर रंग लवकर आला ही दुसरी. दोन्ही गोष्टी पाण्याकडेच बोट दाखवतात. वरचं आवरण तळलं गेलं, आतली भेंडी मात्र नुसती शिजली. बाहेर काढल्यावर आतला ओलावा हळूहळू वर येतो, आवरण तो शोषून घेतं आणि मऊ पडतं. पीठ वाढवून उपयोग झाला नाही तो यामुळेच. जाड आवरणातून आतलं पाणी बाहेर पडायला आणखी वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तुम्ही तळतच नाही, कारण रंग आलेला असतो.

मी जेवणाच्या ऑर्डरी घेते. माझ्याकडे तळलेली भेंडी पानात पडेपर्यंत तास-दोन तास सहज जातात. त्यामुळे कढईतून काढताना ती किती कुरकुरीत होती याला माझ्या लेखी फारशी किंमत नाही. खाली जे सांगते आहे ते सगळं टिकणाऱ्या कुरकुरीतपणासाठी आहे.

म्हणूनच तुम्हाला कोणती भेंडी हवी आहे ते आधी ठरवा. भज्यासारखं आवरण असलेली, आत रसदार, चावली की वरून कुडुम वाजणारी भेंडी हाही एक चांगला प्रकार आहे, पण तो कढईशेजारी उभं राहून खायचा. तो टिकवायच्या नादी लागू नका. दुसरा प्रकार बारीक पट्ट्यांचा, आतबाहेर कोरडा तळलेला. तो टिकतो. तुमच्या वर्णनावरून तुम्हाला दुसरा हवा आहे आणि तुम्ही करताय पहिला.

आता पाण्याचा हिशोब बघा. कच्च्या भेंडीत जवळजवळ 90 टक्के पाणी असतं. म्हणजे पाव किलोत सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास नुसतं पाणी, आणि त्यातलं बरंचसं तुम्हाला कढईत उडवायचं आहे. साध्या तापमानाचं पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या साधारण सातपट उष्णता त्याच पाण्याची वाफ करायला लागते. भेंडी टाकल्या टाकल्या तेल एकदम थंड का पडतं, याचं उत्तर इथे आहे. आणि जोवर पट्टीत पाणी आहे तोवर तो ओला भाग 100 अंशांच्या फारसा वर जात नाही. तळणाचा खमंगपणा आणि रंग यायला साधारण 140 अंशांच्या वरचं तापमान लागतं. म्हणजे कोरडं झाल्याशिवाय कुरकुरीत होणं नाही. कढईत जाण्याआधी जेवढं पाणी कमी कराल, तेवढं तेलाचं काम हलकं होतं.

भेंडी कोवळी घ्या, बोटभर लांबीची. शेंडा वाकवला की टचकन मोडला पाहिजे. नुसता वाकला तर ती निबर आहे, कितीही तळली तरी दाताखाली दोरे येणार. धुवायची ती अख्खी, देठ-शेंडा न काढता. मग एकेक फडक्याने पुसून अर्धा-पाऊण तास पसरून ठेवा. भेंडीच्या लवेत आणि देठाच्या टोपीखाली पाणी अडकून बसतं, ते नुसतं चाळणीत निथळून जात नाही. मला वेळ असेल तेव्हा मी आदल्या रात्रीच धुऊन, पुसून, फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवते. चिरल्यावर मात्र अजिबात धुवायची नाही. आणि फ्रोझन भेंडी या प्रकाराला वापरू नका. गोठताना आतल्या पेशी फुटलेल्या असतात, ती सुटली की पाणी आणि तार दोन्ही धो धो येतात.

चिरताना सुरी आणि पाट कोरडे हवेत. बहुतेक भेंडीला आत पाच कप्पे असतात. उभे चार काप केले की जवळपास सगळे कप्पे उघडे पडतात आणि वाफेला बाहेर जायला वाट मिळते. भेंडी जाड असेल तर सहा काप करा. गोल चकत्या तळल्या तर कप्प्यांच्या भिंती तशाच राहतात, बिया आतच अडकतात, वेळही जास्त लागतो. अख्खी भेंडी चीर न देता तेलात सोडणं तर धोक्याचं आहे, आत वाफ कोंडली की ती फुटते आणि कढत तेल अंगावर येतं. बिया काढायच्या का, हे भेंडीवर आहे. कोवळ्या भेंडीच्या बिया तळून छान लागतात. थोडी मोठी असेल तर चिरलेल्या पट्टीवरून सुरीची बोथट बाजू फिरवून मधला ओला गर आणि बिया काढून टाका. सगळ्यात जास्त ओलावा तिथेच असतो, त्यामुळे या एका कृतीने तळण्याचा वेळ चांगलाच कमी होतो. काम कंटाळवाणं आहे, खोटं कशाला सांगू. पाव किलोला करता येतं, पाच किलोला मी करत नाही.

चिरलेल्या पट्ट्या ताटात एकावर एक न टाकता पसरा आणि पंख्याखाली वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. कोरड्या हवेत पंधरा मिनिटंही पुरतील, दमट हवेत तास लागेल. वेळ घड्याळाने ठरवू नका, बोटाने ठरवा. कापलेल्या बाजूवर बोट टेकवून उचला. बोटाबरोबर तार येत असेल तर अजून थांबा. बोट किंचित चिकटलं पण तार आली नाही, की पट्टी पिठाला तयार आहे. ठणठणीत वाळेपर्यंत थांबलात तर पीठ धरायला काहीच उरणार नाही.

कारण तारेचं काम इथे गोंदाचं आहे. भेंडीची तार म्हणजे पाण्यात विरघळणारी, पाणी धरून ठेवणारी लांब साखळ्यांची कर्बोदकं. भाजीत त्रास देते ती पाणी मिळालं म्हणून. तळताना तेवढाच थर पिठाला पट्टीवर धरून ठेवतो. पीठ नीट चिकटावं म्हणून पुष्कळ जण वरून पाण्याचा हबका मारतात. तसं केलं की तार पातळ होते, पिठाचा लगदा होतो आणि तेलात गेल्यावर तो लगदा गोळ्यांनी सुटतो. तुमचं पीठ तळाशी जातं त्याचं एक कारण हे असू शकेल. लिंबू पिळण्याचा सल्लाही मिळेल. आंबटाने तार कमी होते हे खरं, रस्सा करताना त्याचा उपयोगही होतो. पण लिंबाबरोबर पाणीही येतं, आणि तळायच्या भेंडीला ते नको. आंबटपणा हवा तर तळून झाल्यावर कोरडा आमचूर भुरभुरवा.

मिठाचा मुद्दा मी पिठाच्याही वर ठेवेन. चिरलेल्या भेंडीला मीठ लागलं की आतलं पाणी बाहेर यायला लागतं. दहा मिनिटांत पट्ट्या ओल्या दिसतात, आणि त्या ओलाव्यात पीठ भिजतं. म्हणून मॅरिनेशन हा शब्द भेंडीच्या बाबतीत विसरा. कोरडा मसाला मुरवून इथे काही साधत नाही. माझी पद्धत अशी की मीठ तळून झाल्यावर लावायचं. मीठ अगदी बारीक, मिक्सरमधून काढलेलं घ्यायचं आणि पट्ट्या चाळणीवर गरम असतानाच भुरभुरायचं. थंड झाल्यावर घातलेलं मीठ ताटाच्या तळाशी जातं. आधीच मीठ हवं असा हट्ट असेल तर ते कोरड्या पिठात मिसळा आणि घोळवल्यापासून एका मिनिटाच्या आत पट्ट्या तेलात जाऊ द्या. लाल तिखट आणि चाट मसालाही मी नंतरच घालते. तिखट तेलात करपतं, आणि तेल काळं पडलं की पुढच्या प्रत्येक घाण्याचा रंग फसवा येतो.

आता पीठ. पाव किलो भेंडीला मी दोन टेबलस्पून तांदळाचं पीठ, एक टेबलस्पून कॉर्नफ्लोअर आणि एक टेबलस्पून बेसन घेते, सोबत चिमूटभर हळद. बेसन एवढं कमी पाहून आश्चर्य वाटेल. बेसनाला चव आहे आणि ते पट्टीला चांगलं धरतं, पण त्यात प्रथिनं भरपूर असल्यामुळे ते पटकन तांबूस होतं. पट्टी आतून ओली असतानाच बाहेरून झाल्यासारखी दिसते, आपण ती काढतो आणि फसतो. गॅस मोठा केल्यावर तुमच्याकडे नेमकं हेच झालं. तांदळाचं पीठ आणि कॉर्नफ्लोअर उशिरा रंग घेतात, त्यामुळे आतलं पाणी जायला वेळ मिळतो. तुम्हाला बेसनाची चवच हवी असेल तर प्रमाण वाढवा, पण मग आच कमी ठेवावी लागेल. रवा घातला तर वरून कणीदार लागतो, मात्र तो गळतो फार. मैदा मी टाळते.

पीठ लावायचं ते एका घाण्यापुरतं. एक मूठ पट्ट्या परातीत घ्या, वरून पीठ भुरभुरवा, हाताने न चुरता परात हलवून घोळवा. मग पट्ट्या मोठ्या भोकांच्या चाळणीत घालून दोनदा झटका. जे पीठ इथे पडतं तेच तुमच्या तेलाच्या तळाशी गेलं असतं. पट्टीवर पिठाचा थर असा हवा की खालचा हिरवा रंग दिसत राहील.

तेल आणि आच यांवर सगळं ठरतं. रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल, जे लवकर धुरावत नाही असं कोणतंही तेल चालेल. कढई निम्मीच भरा, कारण भेंडी टाकल्यावर फेस चांगलाच वर येतो. थर्मामीटर असेल तर 170 ते 175 अंश. नसेल तर एक पट्टी टाकून बघा. ती तळाशी जाऊन लगेच वर आली आणि भोवती भराभर बुडबुडे आले की तेल तयार. तळाशीच बसून राहिली तर अजून तापू द्या. टाकताक्षणी तांबूस झाली तर गॅस कमी करून दोन मिनिटं थांबा.

अर्धा लिटर तेलात एका वेळी साठ-सत्तर ग्रॅम, म्हणजे पाव किलोचे चार घाणे. घरोघरी चुकतं ते इथेच. दोन घाण्यांत उरकायला गेलं की तेल गार पडतं, पट्ट्या त्यात शिजत राहतात, एकमेकींना चिकटतात आणि तेल पितात. पट्ट्या एकेक करून पसरवत सोडा. पहिलं अर्धं मिनिट झारा लावू नका, पिठाचा थर पट्टीवर बसायला तेवढा वेळ लागतो. लगेच ढवळलं की पीठ सुटतं. त्यानंतर गॅस मध्यम ठेवून अधूनमधून हलवत राहा.

इथून पुढे डोळ्यांपेक्षा कानावर भरवसा ठेवा. सुरुवातीला मोठे, दाट बुडबुडे असतात आणि आवाज जोरात येतो. ते बुडबुडे म्हणजे भेंडीतलं पाणी, वाफ होऊन बाहेर पडणारं. तीनेक मिनिटांनी फेस बसायला लागतो, बुडबुडे बारीक आणि विरळ होतात, आवाज चुरचुरीवर येतो. चौथ्या-पाचव्या मिनिटाला पट्ट्या तेलावर हलक्या तरंगतात. झाऱ्यावर दोन-चार घेऊन हलवा, वाळलेल्या पानांसारखा आवाज आला की काढा. रंग आला पण आवाज नाही, अशी भेंडी दहा मिनिटांत सादळणार हे नक्की. आवाज आला पण रंग फिका आहे, तर काळजी करू नका, रंग दुसऱ्या तळणीत येतो.

हो, मी दोनदा तळते. पहिल्यांदा 160 ते 165 अंशांवर, बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत. मग सगळे घाणे काढून दहा-पंधरा मिनिटं गार होऊ देते. या वेळात आत उरलेला ओलावा वर येतो. नंतर तेल 185 अंशांपर्यंत तापवून त्याच पट्ट्या पाऊण मिनिट, फार तर एक मिनिट तळते. ओलावा निघून जातो आणि रंगही येतो. पाहुण्यांसाठी करायची असेल तर याच्यासारखी सोय नाही. पहिली तळणी दुपारी उरका, दुसरी जेवायला बसताना. घरच्या चार माणसांना लगेच खायची असेल तर एकदाच नीट तळलेली पुरते, उगाच पसारा वाढवू नका.

काढलेली भेंडी कागदावर ढीग करून ठेवू नका. कागद तेल टिपतो हे खरं, पण खालच्या पट्ट्यांची वाफ कागद आणि ढिगाच्या मध्ये कोंडते आणि तीच त्यांना मऊ करते. तारेच्या जाळीवर किंवा मोठ्या चाळणीत, खालून हवा लागेल अशी, एका थरात पसरा. झाकण तर मुळीच नाही. गरम राहावी म्हणून झाकलेली भेंडी हमखास मऊ पडते.

थोडक्यात क्रम असा: अख्खी धुऊन कोरडी, उभी चिरून पुन्हा कोरडी, मीठ नंतर, पीठ पातळ आणि घाण्यापुरतं, घाणे लहान, आवाज बदलेपर्यंत तळणं, जाळीवर पसरणं. यातलं सगळं एकदम जमलं नाही तरी पुढच्या वेळी निदान मीठ नंतर घाला आणि घाण्यांची संख्या दुप्पट करा. पिठाला हात न लावताही फरक दिसेल.

तेल कमी वापरायचं असेल तर ओव्हन किंवा एअर फ्रायर चालतो, मात्र तळलेल्याची अपेक्षा ठेवू नका. पाव किलोला एक टेबलस्पून तेल आधी पट्ट्यांना चोळा, मग पीठ लावा, आणि वरून पुन्हा थोडं तेल हाताने शिंपडा. कोरडं राहिलेलं पीठ गरम हवेत तळलं जात नाही, पांढरं आणि कच्चट लागतं. ओव्हन 200 अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं, एअर फ्रायर 180 वर बारा ते पंधरा, मध्ये दोनदा हलवून. प्रत्येक यंत्राची तऱ्हा वेगळी, शेवटची पाच मिनिटं लक्ष ठेवावं लागतं. इथेही एकच थर. टोपली भरून ठेवली तर भेंडी वाफवून निघेल. या दोन्हींत मी बेसन अजिबात वापरत नाही, नुसतं तांदळाचं पीठ जास्त हलकं होतं.

ठेवायची असेल तर पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. हाताला किंचित कोमट लागली तरी थांबा. दोनदा तळलेली भेंडी अशी संध्याकाळपर्यंत सहज राहते, दमट हवेत थोडी कमी. मसाला आणि मीठ डब्यात भरण्याआधी घालू नका, मीठ हवेतलाही ओलावा ओढतं. अशा वेळी ते वाढताना घाला. एकदा सादळली तर मायक्रोवेव्ह तिला आणखी मऊ करतो. ओव्हनमध्ये 170 अंशांवर पाचेक मिनिटं किंवा जाड तव्यावर, तेल न घालता, मंद आचेवर परतली तर बऱ्यापैकी सावरते. कांदा, कोथिंबीर, लिंबू हे घालायचं असेल तर प्रत्येकाने आपल्या ताटात घालावं.

उरलेलं तेल गार झालं की बारीक गाळणीतून किंवा कापडातून गाळून घ्या, तळाचं पीठ त्यात राहू देऊ नका. तेच पीठ पुढच्या वेळी करपून कडवट चव देतं. पट्ट्या नीट झटकल्या असतील तर गाळणीत चमचाभरही गाळ येत नाही.